पौर्णिमेपर्यंत थांबलेले जहाज

सातपाटी गावात माझ्या यजमानांना सर्वजण तांडेल म्हणतात. बोटीवर ज्याचा हुकूम चालतो आणि जाळे कोठे टाकायचे हे जो ठरवतो, त्यास आमच्याकडे तांडेल असे संबोधतात. पतीचे नाव घेण्याची आमच्यात पद्धत नाही. तथापि नाव लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहत नाही, असे आमच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या बाईंचे मत आहे. म्हणून एकदाच लिहिते. त्यांचे नाव दामोदर. गावात दामू तांडेल. यापुढे मी त्यांचा उल्लेख तांडेल असाच करीन.

तांडेलांची उंची बेताची, छाती रुंद आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही त्यांचे बोलणे शेजारच्या बोटीवर स्वच्छ ऐकू जाई. समुद्रावर या आवाजाचा उपयोग होता. जमिनीवर मात्र त्याने आमचे तीन खलाशी घालवले, आणि ते परत मिळवण्यासाठी तांडेलांना साठीच्या घरात संगणकावरचा एक अवाढव्य खेळ शिकावा लागला. ती हकीकत मी क्रमाने सांगते.

त्या वर्षीच्या हंगामाची शेवटची फेरी करून आमची बोट बंदराला लागली होती. आम्ही बायका टोपल्या घेऊन उभ्या होतो. आमचा खलाशी दादू मासळीने भरलेली टोपली उतरवत असताना त्याचा पाय घसरला आणि सर्व मासळी चिखलात गेली. तांडेल बोटीवरून गरजले, "दादू, तुझ्यापरीस आपल्या बोटीवरचं मांजर बरं. ते उंदीर तरी धरतं."

बायका हसल्या. मीही हसले, हे नमूद करणे योग्य होईल. परंतु संध्याकाळपर्यंत दादूच्या घराच्या मागून कोणीतरी म्यांव करू लागले. दुसऱ्या दिवशी तो पानपट्टीवर गेला, तेथेही म्यांव झाले. खाडीपलीकडच्या मुरबे गावात एका लग्नाला गेला, तर तेथल्या लोकांनी त्याच्या पानापुढे दुधाची वाटी ठेवली. दादूने निरोप धाडला की, पुढच्या हंगामात तो आमच्या बोटीवर पाय ठेवणार नाही. महादू आणि रामू या दुसऱ्या दोन खलाशांनाही तांडेलांच्या तोंडाचा प्रसाद वेळोवेळी मिळालेला होता. तेही दादूमागोमाग गेले.

पावसाळ्यात आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मगच त्या पाण्यात जातात. त्याआधी प्रत्येक तांडेलाने आपली माणसे पक्की करायची असतात. आम्हाला मुलगा नाही. पौर्णिमेपर्यंत माणसे मिळाली नाहीत, तर आमची बोट, जिला तांडेलांनी स्वतःच्या आईचे नाव दिले आहे ती जमनामाई, संपूर्ण हंगामभर झावळ्यांखाली राहिली असती. आणि ज्याची बोट समुद्रात जात नाही त्यास गाव तांडेल म्हणत नाही. नुसता दामू म्हणते.

"तुमी एकदा दादूच्या घरी जाऊन या," मी म्हटले.

"तांडेल कोणाच्या दारात जात नाय. दार तांडेलाकडं येतं."

"दाराला पाय नसतात."

यावर ते उठून पावसात गेले. त्याच आठवड्यात आमच्या विजयाचा बोईसरहून निरोप आला, की थोडे दिवस राहायला या. एरव्ही मुलीच्या घरी मुक्काम करण्यास तांडेल कधीही राजी झाले नसते. परंतु त्यांना रोज बंदरावर दादूचे तोंड पाहावे लागत होते. पालघरपर्यंत एस.टी., तेथून आगगाडी. मधले उमरोळी स्टेशन गेल्यावर ते एकच वाक्य बोलले, "बोईसरला दादू नाय, एवढं बरं."

आमचे जावई आनंदा हे कारखान्यांतील संगणक दुरुस्त करतात. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी आपला संगणक त्यांच्याकडे दुरुस्तीला दिला आणि पुन्हा नेलाच नाही. त्यात एक खेळ होता. खेळ म्हटल्यावर मला वाटले होते की चेंडू असेल. परंतु तो एक संपूर्ण देश होता. तेथे गावे, रान, डोंगर, राजा, लोहार, भटारी असे सर्व काही होते. माणसे सकाळी उठत, कामाला जात, रात्री दिवा मालवून निजत. आपण त्यातला एक माणूस व्हायचे आणि देशभर हिंडायचे. कोठे जायचे, काय करायचे, हे कोणी सांगत नाही. विजया घरचे काम आवरून हा खेळ खेळत असे.

"यापरीस पत्ते बरे," तांडेल म्हणाले. "हातात काय तरी असतं."

मग विजयाने काहीतरी बटण दाबले आणि पडद्यावर समुद्र आला. तांडेलांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, पहिलं नाव द्या," विजया म्हणाली.

"बोटीचं दे. जमनामाई."

"अवो, चित्रात दाढीवाला माणूस हाय."

"आयच्या नावाला दाढी अडत नाय."

"बरं. आता कोण व्हायचं ते विचारतंय. योद्धा, जादूगार, वैदू का चोर?"

"तांडेल नाय त्यात?"

"नाय."

"मग ज्याचा आवाज मोठा असंल तो घे."

अशा रीतीने जमनामाई नावाचा एक दाढीवाला योद्धा त्या देशात दाखल झाला. त्यास 'तो' म्हणावे की 'ती', याविषयी घरात मतभेद होते. मी नावाचा मान राखून 'ती' असे लिहिते.

खेळातील सर्व मजकूर इंग्रजीत होता. विजया बारावी झालेली असल्याने ती वाचून आम्हाला आपल्या भाषेत सांगे. त्यामुळे त्या देशाचा राजासुद्धा सातपाटीच्या माणसाप्रमाणे बोले. "ये गो जमनामाई, बस. जेवलीस का?" असे त्याने पहिल्याच भेटीत विचारले, आणि तांडेलांचे त्याच्याविषयी चांगले मत झाले.

परंतु खेळ शिकणे सोपे नव्हते. गावाच्या वेशीवर एक म्हातारा बसलेला असे. आनंदा म्हणाले, "मामा, त्याला विचारून पुढं जायचं. रानात काय हाय ते तो सांगतो."

"मी आजवर कोणाला विचारून समुद्रात गेलो नाय," असे म्हणून तांडेलांनी जमनामाईला थेट रानात घातले. पहिल्याच लांडग्याने तिला मारले.

तांडेलांचा चेहरा पाहून आनंदा घाईने म्हणाले, "काळजी नको. आपण खूण ठेवली होती. मेलं किंवा चुकलं, की त्या खुणेवर परत जायचं. तिथून पुन्हा सुरू."

"म्हणजे झालेलं पुसलं जातं?"

"पुसलं जातं."

"लांडग्याला पण आठवत नाय?"

"नाय."

तांडेल म्हणाले, "अशी सोय बंदरावर पायजे होती."

दुसरी अडचण रस्त्यांची झाली. समुद्रावर जाळ्याची जागा पुन्हा सापडावी म्हणून आमचे लोक किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात. मागे डोंगर आणि पुढे देवळाचा कळस. तांडेलांनी हीच रीत पडद्यावर चालवली. एका टेकडीपुढे बुरूज जेथे आला, तेथे गुहेचे तोंड होते. त्यांनी विजयाच्या करंड्यातले कुंकू घेऊन पडद्याच्या काचेवर नेमका त्या जागी टिळा लावला आणि जमनामाईला घेऊन खुशाल दूर हिंडायला गेले. जमनामाई चालली, की पडद्यावरचा देश सरके. टिळा मात्र काचेवर होता तेथेच राहिला. परत येऊन पाहतात, तर टिळ्याखाली एक गाय चरत उभी. तांडेलांनी गाईच्या चारी बाजूंनी गुहा शोधली.

"मामा, गाईची पूजा झाली," आनंदा म्हणाले. "आता नैवेद्य दाखवा."

"ही जमीन पक्की नाय," तांडेल म्हणाले, आणि त्यांनी काच धोतराने पुसली.

खरी परीक्षा पुढे होती. एवढ्या मोठ्या देशात एकट्याचे चालत नाही, सोबती लागतात. धर्मशाळेत एक तिरंदाज, एक वैदू आणि एक चोर असे तिघे जमनामाईबरोबर यायला तयार झाले. त्यांच्याशी बोलताना खेळ दर वेळी तीन उत्तरे पुढे ठेवी. पहिले गोड, दुसरे बेताचे, तिसरे उर्मट. यांतून एक निवडायचे. तांडेल न ऐकताच तिसरे निवडीत.

"पहिलं तरी ऐका, बाबा."

"बोटीवर गोड बोलंपर्यंत लाट येते."

तिघे सोबती तिसऱ्या उत्तरावर काही काळ चालले. मग एका पुलावर ते थांबले आणि पडद्यावर मजकूर आला. विजयाने तो वाचला. "आमी चाललो, जमनामाई. तुझ्याबरोबर चालून पाय नाय दुखत, कान दुखतात. तू आमच्यापरीस मांजर बरं म्हणतेस. आता मांजराच्याच हातात धनुष्य दे."

तिघे पूल ओलांडून निघून गेले. तांडेल सावकाश विजयाकडे वळले.

"मांजराचं यांना कोणी सांगितलं?"

"त्यात लिवलं हाय, बाबा."

मी त्या काळात वर्गामध्ये नुकतीच अक्षरे जोडू लागले होते. इंग्रजी मला आजही येत नाही. परंतु पडद्यावर मजकुराची ओळ एकच होती आणि विजयाचे वाचन चांगले लांबले होते, एवढे मला दिसले. मी भाजी निवडत राहिले.

"खुणेवर परत घे," तांडेल म्हणाले. विजयाने घेतले. तिघे पुन्हा हजर झाले. तांडेलांनी पुन्हा तिसरे उत्तर निवडले. तिघे पुन्हा त्याच पुलावरून गेले.

"मामा," आनंदा म्हणाले, "खुणेवर माणूस मागं जातो, पण तोंड बरोबर येतं."

काही दिवसांनी राजाने जमनामाईला एक जहाज दिले. पुढचा सगळा खेळ समुद्रापलीकडच्या बेटावर होता. विजया म्हणाली, "चला बाबा, हे तर तुमचंच काम."

तांडेलांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू ती देवासमोर चपला घालून उभी होती. "आज? अजून श्रावण लागायचा हाय."

"बाबा, त्या देशात नारळी पौर्णिमा नाय."

"समुद्र हाय का नाय?"

"हाय."

"मग पौर्णिमा हाय. जहाज बांधून ठेव."

"मामा, तो समुद्र विजेवर चालतो," आनंदा म्हणाले.

"आणि वीज जाते तेव्हा?"

"सगळं बंद पडतं. खूण ठेवली नसंल तर बुडतं पण."

"बघ. पावसाळ्यात बोईसरची वीज किती वेळा जाते? तोही खवळतोच की. नारळ दिल्याबिगर मी जहाज सोडणार नाय."

याप्रमाणे जहाज बंदरात बांधलेले राहिले. विजयाने संगणकाशेजारी एक नारळ आणून ठेवला, म्हणजे विसर पडायला नको. आता जमनामाईला किनाऱ्यावर दिवस काढणे भाग पडले, आणि तिला काही कामच उरले नाही. रिकामपणी मनुष्य जे करतो तेच तिने केले. ती दारोदार जाऊन लोकांशी बोलू लागली. तेव्हा असे आढळून आले, की त्या देशात प्रत्येकाचे काही ना काही काम अडून राहिलेले आहे. भटाऱ्याची शेळी हरवली होती. एका म्हातारीला दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे औषध पाठवायचे होते. दीपस्तंभाच्या राखणदाराला कोणीतरी बसून त्याचे ऐकून घ्यावे, एवढेच हवे होते. तांडेलांनी दुसरे काही करण्यासारखे नसल्याने ही सर्व कामे केली. आश्चर्य असे, की ज्याचे काम केले तो मनुष्य आपण होऊन बंदरावर येई आणि जहाजाजवळ उभा राही. शेवटी तो रुसलेला तिरंदाजही भेटला. त्याच्या बहिणीची अंगठी विहिरीत पडली होती. जमनामाईने ती काढून दिली, आणि तो मुकाट्याने येऊन जहाजाचा दोर धरून उभा राहिला.

"याला अंगठी पायजे होती, हे त्यानं मला आधी का नाय सांगितलं?" तांडेलांनी विचारले.

"तुमी विचारलं नाय," विजया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तांडेल मला म्हणाले, "रत्ना, पिशवी भर. घरी जायचं."

"आणि जमनामाई?"

"ती बंदरात हाय. विजया, पौर्णिमेपर्यंत जहाजाला हात लावायचा नाय. माणसांना रोज जेवायला घाल."

सातपाटीस पोहोचल्यावर ते पिशवी ओट्यावर ठेवून थेट महादूच्या घरी गेले. मी मागोमाग गेले. महादू आणि त्याची बायको हिरा जाळे विणत बसले होते.

"महादू, तुझं काय काम हाय?"

"माझं?" महादू गडबडला. "काय नाय, तांडेल."

"असं नसतं. प्रत्येकाचं काय तरी काम असतंच. सांग."

हिराने माझ्याकडे पाहिले. "काकी, बोईसरला यांना काय खायला घातलंत?"

महादू थट्टेखोर. तो म्हणाला, "माझ्या सासूची शिसवी बाज मुरब्याला पडून हाय. ती आणून द्या."

त्याच दुपारी तांडेल होडीतून खाडी ओलांडून मुरब्यास गेले आणि ती बाज घेऊन परत आले. होडीतले उतारू येताना बाजेवर बसून आले. इतकेच नव्हे, तर ज्या बाजेवर आपण निजतो ती निघाली म्हणून बाजेबरोबर सासूही निघून आली. महादूने दारात सासू पाहिली, आणि आपली थट्टा कोठवर गेली हे त्याच्या ध्यानात आले. हिराला मात्र आई घरी आल्याचा अतिशय आनंद झाला. ती म्हणाली, "तांडेलांच्या बोटीवर जायचं, बाकी बोलायचं नाय." महादूलाही आता लवकरात लवकर समुद्रावर जाण्याची ओढ लागली होती.

रामूचे काम निराळे होते. त्याची आई येसूबाई हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. परंतु ती पालघरच्या डॉक्टरकडे जाण्यास तयार नव्हती. "ती माझं ऐकत नाय. तुमच्या आवाजाला घाबरेल," रामू म्हणाला. येसूबाई घाबरली नाही. एस.टी.त बसल्याबरोबर तिने तांडेलांचे लहानपणापासूनचे सर्व उद्योग मोठ्याने सांगण्यास सुरुवात केली, आणि संपूर्ण गाडीने ते ऐकले. तांडेलांनी एकदाही तोंड उघडले नाही. डॉक्टरांना तिचे डोळे दाखवून परत आल्यावर ते मला म्हणाले, "तिसरं उत्तर ओठावर आलं होतं. गिळलं."

राहिला दादू. तो दारातच उभा होता.

"माझं एकच काम हाय," तो म्हणाला. "मला मांजर म्हणालात ते बंदरावर, बायकांच्या देखत. तिथंच येऊन परत घ्या."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बंदरावर सारे गाव असते. कोणी बोटीला रंग देते, कोणी पताका बांधते. दादू पाण्याजवळ हाताची घडी घालून उभा राहिला. तांडेल बोंबील सुकवण्याच्या बांबूच्या मांडवाखालून निघाले आणि त्याच्यासमोर आले.

"दादू, तुला मांजर म्हणालो ते चुकलं. मांजर निदान वेळेवर..."

त्यांनी तोंड मिटले. वळले, आणि चालत पुन्हा मांडवाखाली गेले.

"तांडेल पळाला गो," कोणीतरी म्हणाले. परंतु ते पुन्हा निघाले आणि पुन्हा दादूसमोर उभे राहिले.

"दादू, मी बोललो ते चुकलं. पण टोपली तू पाडलीस हे तरी..."

पुन्हा वळून मांडवाखाली.

आमच्यातील सर्वांत जुनी मासळीवाली काशीबाई माझ्या कानाशी लागली. "रत्ना, याला काय बाधा झालीय का गो?"

"नाय. ते खुणेवर परत जातात," मी म्हटले, आणि तिला खेळाचा नियम समजावून सांगितला. काशीबाईने तो पलीकडच्या बाईला सांगितला, तिने पुढच्या बाईला. त्यानंतर तांडेलांची जीभ वाकडी वळू लागली, की सर्व बायका एकदम म्हणत, "खुणेवर." आणि तांडेल आज्ञाधारकपणे मांडवाखाली जात. तांडेल कोणाचे तरी ऐकत आहेत, हे दृश्य सातपाटीने प्रथमच पाहिले.

शेवटी दादू म्हणाला, "तांडेल, तुमी मागं जाता, पण मी इथंच उभा हाय. मला सगळं ऐकू आलंय."

तांडेल मांडवाच्या अर्ध्या वाटेवर थबकले. लांडग्याला आठवत नाही, दादूला आठवते, हा फरक त्यांच्या ध्यानात आला असावा. ते मांडवाखाली न जाता तेथूनच परत आले.

"ऐकलंस ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी पूर्वी ऐकला नव्हता. "मग हे पण ऐक. टोपलीचं जाऊ दे. मांजरानं पण बिघडवलं नसतं, एवढं मी बिघडवलं. तुझ्या हाताखेरीज माझं जाळं वर येत नाय, दादू."

बायकांपैकी कोणीही खुणेवर म्हटले नाही. दादू पायाने वाळू उकरत राहिला.

"मांजर बोटीवर येणार काय?" त्याने विचारले.

"तू नको म्हणशील तर नाय येणार."

"येऊ द्या," दादू म्हणाला. "उंदीर फार झालेत."

दुसऱ्या दिवशी समुद्राला नारळ दिला, झावळ्या काढल्या, आणि महादू, रामू, दादू यांना घेऊन आमची जमनामाई पाण्यात गेली. विजया आणि आनंदा सणासाठी आले होते. निघताना तांडेलांनी विजयाला परवानगी दिली की, घरी जाऊन नारळ फोड आणि ते दुसरे जहाज आता सोड.

बोटीवर तांडेलांचा आवाज अजूनही मोठाच आहे. फक्त दादू सांगतो, की कधी कधी ते बोलण्यासाठी तोंड उघडतात, थांबतात, बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जातात आणि मग परत येऊन बोलतात.

आठवड्याने आनंदा काही कामानिमित्त पालघरला आले होते, ते आमच्याकडेही येऊन गेले. विजयाने निरोप धाडला होता, की नारळ फोडून जहाज सोडले. परंतु तिला सुकाणू जमले नाही आणि पहिल्याच दिवशी ते खडकावर आपटून फुटले, आता काय करू?

तांडेल जाळे शिवत होते. त्यांनी मान वर केली.

"जहाजाचं राहू दे," ते म्हणाले. "माणसं वाचली काय, ते आधी सांग."